लाल झालेली हाडं : अस्थिऊतींच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

सयाजीराव गायकवाडांच्या काळी, 1890 मध्ये, बडोद्याला कलाभवन सुरू झालं. प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्यामागे होते आणि कापडाची रंगाई-छपाई हा तिथला मोठा विषय होता. हाडाच्या इतिहासात शिरायला ही वाट सोयीची आहे. हाड वाढतं, झिजतं, पुन्हा बांधलं जातं, हे डोळ्यांना दाखवून दिलं ते रंगाऱ्यांच्याच एका रंगाने.

त्याआधी हाडांची मोजदाद भरपूर झाली होती. सुश्रुतसंहितेत शल्यतंत्राच्या मते हाडं 300, आणि त्यांचे पाच प्रकार : कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. आजच्या 206 पेक्षा हा आकडा मोठा, कारण रुचकात दात येतात आणि तरुणात नाका-कानाची कूर्चा. आत काय आहे हे कळायला सूक्ष्मदर्शक यावा लागला. सतराव्या शतकात लेवेनहूकने हाडातली बारीक छिद्रं पाहिली. 1691 मध्ये लंडनच्या क्लॉप्टन हॅवर्सने त्यांचं सविस्तर वर्णन केलं, पण त्यांतून मज्जेतलं तेल वाहतं अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात त्या नलिकांतून रक्तवाहिन्या जातात. नाव मात्र हॅवर्सचंच राहिलं.

1736 मध्ये लंडनचा शल्यविशारद जॉन बेल्चर एका कापडछपाईवाल्याकडे जेवायला गेला होता. पानातल्या डुकराच्या मांसातली हाडं लालभडक होती. मॅडर या वनस्पतीच्या रंगात भिजलेला कोंडा त्या डुकरांना खाऊ घातला जात असे. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. तिच्या मुळातला मुख्य रंग ॲलिझरीन. बेल्चरने कोंबड्याला मॅडर चारून तोच परिणाम मिळवला. फ्रान्समध्ये द्युआमेलने पुढची पायरी गाठली. काही दिवस मॅडर, काही दिवस साधं खाणं असं आलटून पालटून दिल्यावर हाडात लाल-पांढरे थर दिसले. वाढत्या हाडाभोवती बांधलेली चांदीची तार काही काळाने हाडाच्या आत गेलेली आढळली. म्हणजे जाडी बाहेरून, पेरिऑस्टियम या चिवट आवरणाखाली वाढते. जॉन हंटरने त्यात उरलेली बाजू भरली : बाहेर भर पडत असताना आतून हाड खाल्लंही जातं, नाहीतर मज्जेची पोकळी मोठी झालीच नसती.

रंग फक्त नव्या हाडालाच का लागतो? ॲलिझरीन कॅल्शियमला घट्ट धरतं. ज्या पृष्ठभागावर त्या दिवसांत खनिज बसत असतं तिथे ते अडकतं. जुनं, खनिजाने भरलेलं हाड रक्तातल्या रंगाला सहजी हाती लागत नाही.

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत उंदराच्या गर्भाचा सांगाडा याच रंगाने दाखवतात. गर्भ 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा, कातडी आणि आतडी काढायची, 1 टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्नायू पारदर्शक होऊ द्यायचे, मग ॲलिझरीन रेड एसचे थेंब घालायचे आणि शेवटी टप्प्याटप्प्याने ग्लिसरिनमध्ये न्यायचं. हाड लाल-जांभळं होतं, कूर्चा कोरी राहते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये जास्त वेळ राहिलं तर सांधे सुटून सगळा सांगाडा बशीत विखुरतो. जुनं, आंबट झालेलं फॉर्मॅलिन आधी वापरलेलं असेल तर कॅल्शियमच विरघळलेलं असतं आणि रंग धरतच नाही. दोष मग रंगाच्या बाटलीला दिला जातो.

रसायनाचा उलगडा 1770 च्या सुमारास झाला. गान आणि शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी हाडात कॅल्शियम फॉस्फेट असल्याचं दाखवलं. 1926 मध्ये डी यॉंगने क्ष-किरणांच्या साहाय्याने ते खनिज ॲपेटाइट या स्फटिकरूप फॉस्फेट खनिजांच्या घराण्यातलं असल्याचं सांगितलं. वजनाने हाडाचा सुमारे 60 ते 65 टक्के भाग खनिज, 10 टक्क्यांच्या आसपास पाणी, बाकी सेंद्रिय. आणि त्या सेंद्रिय भागातलं जवळजवळ 90 टक्के कोलॅजन, म्हणजे एक चिवट, तंतुमय प्रथिन. कोलॅजनच्या तिपेडी रचनेचा शोध मद्रासला रामचंद्रन आणि कर्था यांनी 1954-55 मध्ये लावला, हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत जितक्या ठळकपणे यायला हवं तितकं येत नाही. कोंबडीच्या तंगडीचं हाड आम्लात ठेवलं की खनिज जातं आणि हाड वाकतं. भट्टीत जाळलं की कोलॅजन जातं आणि हाड बोटाने चुरतं.

पेशींची ओळख मात्र उशिरा पटली. गेगेनबाउरने 1864 मध्ये हाड बांधणाऱ्या पेशीला ऑस्टिओब्लास्ट म्हटलं, कोलिकरने 1873 मध्ये हाड खाणाऱ्या बहुकेंद्रकी पेशीला ऑस्टिओक्लास्ट. पहिली मज्जेतल्या आधारऊतीतून येते, दुसरी रक्तपेशींच्या घराण्यातून. हा फरक कळायला विसावं शतक उजाडलं. स्वतःच बांधलेल्या हाडात अडकून राहिलेला ऑस्टिओब्लास्ट म्हणजे ऑस्टिओसाइट. प्रौढ हाडातल्या पेशींपैकी 90 टक्क्यांहून जास्त याच असतात.

उशिराचं एक साधं कारण : सुरीने हाडाचा पातळ काप निघत नाही. दोन मार्ग होते, आणि दोन्हींत काहीतरी गमवावं लागे. घासून केलेल्या कापात, साधारण 50 मायक्रॉनपर्यंत, हवेने भरलेल्या पोकळ्या काळ्या दिसतात, पण पेशी नसतात. त्यातही काप काचेवर बसवायचा बाल्सम हा डिंक पातळ असेल तर तो बारीक नलिकांत शिरतो आणि त्या अदृश्य होतात. दुसरा मार्ग कॅल्शियम काढण्याचा. 3 ते 5 मिलिमीटर जाडीचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये पक्का करून मग 5 टक्के नायट्रिक आम्लात किंवा फॉर्मिक आम्लात, द्रव तुकड्याच्या निदान वीसपट. घाई करून आम्ल तीव्र केलं किंवा तुकडा त्यात विसरला तर केंद्रकं हिमॅटॉक्सिलिन हा त्यांना निळं करणारा रंग घेत नाहीत, सगळं फिकट गुलाबी दिसतं. ईडीटीए हे कॅल्शियम धरून काढणारं रसायन केंद्रकं जपतं, पण आठवडे घेतं.

मॅडरचा आजचा वारस टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक. ते वाढत्या हाडात बसतं आणि अतिनील प्रकाशात पिवळं चमकतं, हे 1957 मध्ये लक्षात आलं. फ्रॉस्टने त्यावरून हाड बांधण्याचा वेग मोजायची रीत बसवली. रुग्णाला 3 दिवस औषध, सुमारे 12 दिवस खंड, पुन्हा 3 दिवस औषध, आणि काही दिवसांनी कमरेच्या हाडाचा तुकडा. दोन पिवळ्या रेघांमधलं अंतर भागिले मधले दिवस. रेघा एकमेकींत मिसळलेल्या, अस्पष्ट दिसल्या तर ऑस्टिओमलेशियाचा, म्हणजे खनिज नीट न बसल्याने हाड मऊ पडण्याच्या आजाराचा, संशय घ्यायचा. हा तुकडा 70 टक्के अल्कोहोलमध्ये पाठवायचा आणि पाकिटावर ‘कॅल्शियम काढू नये’ असं ठळक लिहायचं, कारण नेहमीच्या सवयीने कुणी तो आम्लात टाकला तर खनिजाबरोबर दोन्ही रेघा धुऊन जातात.