२,१४,७४,८३,६४७ : एका मूळ संख्येची पार्श्वभूमी

२ च्या ३१व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ही संख्या मूळ आहे, असे १६०३ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन ग्रंथात म्हटले होते. परंतु त्याच ग्रंथातील २३, २९ आणि ३७ या घातांविषयीचे दावे पुढे खोटे ठरल्याने त्या विधानाला सिद्धतेचे मोल राहिले नाही. सिद्धता आली ती १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गमधील एका जवळजवळ अंध गणितज्ञाकडून. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरलीच पाहिजे. त्यामुळे ४६,३४० पर्यंतचे जेमतेम पावणेचारशे विभाजक तपासणे पुरेसे ठरले.

संगणकयुगात तिला दुसरे महत्त्व लाभले. ३२ बिटांपैकी एक चिन्हासाठी राखला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच, आणि ती मूळही आहे. हा योग विरळाच : १६ बिटांची ३२,७६७ ही कमाल संख्या ७ ने विभाज्य आहे, तशीच ६४ बिटांचीही. यादृच्छिक संख्या निर्माण करताना आधीच्या संख्येला ठरावीक गुणकाने गुणून भाजकाने भागतात व बाकी घेतात. एकेकाळी सर्रास वापरल्या गेलेल्या एका पद्धतीत भाजक २ चा ३१वा घात आणि गुणक ६५,५३९ होता. तिच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या बिंदू म्हणून मांडल्या, तर ते सारे अवघ्या १५ प्रतलांवर पडतात. हा दोष मुख्यतः गुणकाच्या निवडीचा होता; म्हणजे भाजकाइतकाच गुणकही मोलाचा.

खरा वाद झाला तो गुणकावरून. भाजक म्हणून २,१४,७४,८३,६४७ घेतल्यास, शून्य वगळता सर्व बाक्या एकेकदा उमटवणारे गुणक ५३,४६,००,००० आहेत. त्यांपैकी १६,८०७ हा १९६९ पासून प्रचारात होता आणि १९८८ मध्ये त्याची किमान प्रमाण, म्हणजे निदान एवढा दर्जा तरी असावा, म्हणून शिफारस झाली. ७ हा असा सर्वांत लहान गुणक, आणि १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. भाजकाहून एकाने लहान असलेल्या संख्येचे मूळ अवयव २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ आहेत. त्यांत ५ नसल्याने पाचव्या घातातही तो गुण टिकतो. शिवाय भाजकाला १६,८०७ ने भागल्यास भागाकार १,२७,७७३ आणि बाकी २,८३६ येते. बाकी भागाकाराहून लहान असल्यामुळे गुणाकार दोन तुकड्यांत करता येतो आणि तो ३२ बिटांबाहेर जात नाही. लहान संख्येमागून पुन्हा लहानच संख्या येते, हा आक्षेप मात्र खरा होता. १९९३ मध्ये शिफारस करणाऱ्यांनीच ४८,२७१ सुचवला. माझ्या मते १९८८ चा निर्णय चुकीचा नव्हता, कारण त्याने मूळ भाजकाची शिस्त सर्वत्र रुजवली. सी प्लस प्लस भाषेच्या २०११ च्या प्रमाणात दोन्ही गुणकांना स्थान मिळाले. आवर्तनाची लांबी, म्हणजे त्याच संख्या पुन्हा येऊ लागण्याआधी मिळणाऱ्या संख्या, मात्र दोहोंची २,१४,७४,८३,६४६ एवढीच आहे. ती भाजकाने ठरते, त्यामुळे गुणक बदलून वाढवता येत नाही.