बादलीतलं पाणी आणि एसीचं बिल

मे महिन्यात आमच्या बेडरूमच्या एसीचा ड्रेन पाइप निखळला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर थेंब पडू लागले. मेकॅनिक येईपर्यंत चार रात्री पाइपाच्या तोंडाशी बादली लावली. सकाळी पाहावं तर पाचेक लिटर पाणी!

हे पाणी मुंबईच्या हवेतलंच. पण ते फुकट निघत नाही. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी होताना सुमारे 0.68 युनिट (वीजबिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता सुटते, ती एसीला बाहेर टाकावी लागते. बरा एसी एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता उपसतो. म्हणजे त्या बादलीपायी साधारण एक युनिट वीज गेली, आणि तेवढ्याने खोलीचं तापमान काही उतरलं नाही, नुसती हवा कोरडी झाली. अर्थात तेही हवंच. दमट हवेत घाम वाळत नाही, मग पंखा कितीही फिरवा, चिकचिक जात नाही.

झोपलेल्या माणसाच्या अंगातून जेमतेम 70-80 वॉट उष्णता निघते. दोघांची मिळून दीडशे धरा. दीड टनाचा एसी मात्र पाच हजार वॉट उपसू शकतो. मग त्याला एवढं काम देतं कोण? हवेतल्या ओलाव्याखेरीज भिंती आणि स्लॅब. शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. दिवसभर प्यालेलं ऊन काँक्रीट रात्री सावकाश ओकत असतं. ती धग थेट अंगावर येते, म्हणून रिमोटवर 24 दिसत असूनही उकडतं.

मग कुणीतरी वैतागून 18 करतं. साध्या, बिगर-इन्व्हर्टर एसीत त्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालतो. झोपेत शरीराचं तापमानही थोडं उतरतं, पहाटे तर ते सर्वांत कमी असतं. त्यामुळे चार वाजता गोधडी शोधावी लागते. एसी 18 वर आणि अंगावर गोधडी, हा आमच्याकडचा जुना संसार!

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून नवे स्टारवाले एसी म्हणूनच आपोआप 24 वर सुरू होतात. मी 26 ठेवतो आणि सोबत पंखा लावतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा पूर्ण वेगातही तीस-पस्तीस वॉटच खातो.

यंदा सोसायटीने गच्चीला पांढरा रंग दिला. परवा पुन्हा स्टुलावर चढलो, तर छत नुसतं कोमट लागलं.