वाइनच्या तळघरातली पाच रिळं

डिसेंबर २००९मध्ये कॅलिफोर्नियातल्या हिल्सबरो इथे गायक-नट बिंग क्रॉस्बी यांच्या जुन्या घरात, एके काळी वाइन ठेवायच्या तळघरात, फिल्मची पाच रिळं हाती लागली. शोध चालला होता क्रॉस्बींच्या टीव्ही कार्यक्रमांचा. निघाला १३ ऑक्टोबर १९६०चा बेसबॉलचा सामना: पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज, वर्ल्ड सीरिज या वार्षिक अजिंक्यपदाच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. नवव्या इनिंगमध्ये बिल मॅझरॉस्कीच्या होम रनने, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून काढलेल्या धावेने, पायरेट्स १०-९ असे जिंकले, हे अमेरिकेत पोरासोरांनाही पाठ होतं. संपूर्ण सामना मात्र कुणाला पाहता येत नव्हता. प्रक्षेपणाची प्रतच कुणी जपलेली नव्हती.

क्रॉस्बी पायरेट्सचे भागीदार मालक. सामन्याची धाकधूक सोसवेना म्हणून ते पॅरिसला जाऊन बसले आणि जाताना टीव्हीवरचं प्रक्षेपण फिल्मवर उतरवून ठेवायची व्यवस्था करून गेले. जिंकल्याचं कळल्यावर घरी येऊन सामना पाहिला आणि रिळं तळघरात ठेवून दिली. हाच माणूस पॉल व्हाइटमनच्या जॅझ वाद्यवृंदातून पुढे आलेला, जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगबरोबर १९३६मध्ये पडद्यावर झळकलेला. म्हणजे बेसबॉल आणि जॅझ या दोन्ही घराण्यांत त्याचं येणंजाणं होतं.

या दोन विषयांवरच्या माहितीपटांची चर्चा निघाली की माहितीपटकार केन बर्न्स हे नाव टाळता येत नाही. त्यांची बेसबॉलवरची मालिका १८ सप्टेंबर १९९४ला अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाली. नऊ भाग, त्यांना नावही ‘इनिंग’ असंच. योगायोग असा, की खेळाडूंच्या संपामुळे त्या वर्षीची वर्ल्ड सीरिज चारच दिवसांपूर्वी रद्द झाली होती. मैदानं ओस आणि घरोघरी पडद्यावर बेसबॉलचा इतिहास. जानेवारी २००१मध्ये जॅझवरची दहा भागांची मालिका आली. अनेकांसाठी या दोन मालिका हाच त्या विषयांचा इतिहास होऊन बसला, आणि तपासणीला खरी सुरुवात तिथून झाली.

पहिली अडचण साधी आहे. ज्या काळाची गोष्ट सांगायची, त्या काळाची हलती चित्रं फारशी नाहीत. म्हणून स्थिर फोटोवर कॅमेरा हळूहळू सरकवायचा, मागे पत्रातला मजकूर कुणीतरी वाचायचा, ही बर्न्स यांची ओळखीची पद्धत. त्यात आवाजाची भर पडते. मूकपटाच्या काळातल्या वार्तापटात बॅटचा ‘टक्क’ ऐकू आला, तर तो नंतर घातलेला असणार, हे उघड आहे. पाहणाऱ्याला ते खटकत नाही, आणि मला वाटतं गोम तिथेच आहे. चित्र अस्सल असलं की आवाजही अस्सल वाटतो, आणि त्या दोघांच्या आधाराने निवेदकाचं वाक्यही.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. बखर वाचायला रसाळ, पण तारीख पाहायची तर अस्सल पत्रच लागतं. बेसबॉलची सगळ्यात मोठी बखर म्हणजे ॲबनर डबलडे यांनी १८३९मध्ये कूपर्सटाउन गावी हा खेळ शोधला, ही कथा. १९०५मध्ये नेमलेल्या समितीने ती एका वृद्ध गृहस्थांच्या आठवणीवर विसंबून मान्य केली. डबलडे १८३९मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते, आणि आपण असा काही शोध लावल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. तरी शंभराव्या वर्षाचं निमित्त साधून १९३९मध्ये बेसबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे थोर खेळाडूंच्या गौरवाचं संग्रहालय, त्याच गावात उघडलं. बर्न्स यांच्या मालिकेचे सल्लागार राहिलेले जॉन थॉर्न यांच्या शोधामुळे २००४मध्ये एक नगरनियम पुढे आला. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डचा, १७९१चा: नव्या सभागृहापासून ८० यार्डांच्या आत बेसबॉल खेळायला मनाई, कारण खिडक्यांच्या काचा. खेळाचा इतका जुना पुरावा खेळणाऱ्यांनी नव्हे, वैतागलेल्या गावकऱ्यांनी ठेवला. वाड्यात क्रिकेट खेळून ओरडा खाल्लेल्यांना हे पटेल.

दुसरी कथा जास्त नाजूक आहे. १९४७मध्ये जॅकी रॉबिन्सन हा आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. सिनसिनाटीत प्रेक्षक शिव्याशाप देत असताना त्याचा दक्षिणेकडचा गोरा सहकारी पी वी रीझ चालत गेला आणि त्याने रॉबिन्सनच्या खांद्यावर हात ठेवला, असं सांगतात. ब्रुकलिनमध्ये या प्रसंगाचा पुतळा आहे. १९९४च्या मालिकेतही हा प्रसंग सांगितला होता. पुरावा शोधायला गेलं तर त्या वेळच्या वर्तमानपत्रांत उल्लेख नाही. रॉबिन्सनची हालचालन्‌हालचाल टिपणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतही नाही. पुढच्या कथनांत वर्ष आणि गावही बदलतं. कधी १९४८, कधी बॉस्टन. २०१६मध्ये बर्न्स यांनी रॉबिन्सनवर स्वतंत्र माहितीपट केला, तेव्हा ही दंतकथा असल्याचं त्यांनीच सांगितलं. स्वतःच्याच गाजलेल्या कामावर अशी काट मारणारे थोडे असतात.

कधी कधी तर पुराव्याचीच बखर होते. ३ ऑक्टोबर १९५१ला न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या बॉबी थॉमसनने होम रन मारला, तेव्हा समालोचक रस हॉजेस ‘जायंट्स जिंकले’ असं ओरडत सुटले. बेसबॉलमधला हा बहुधा सगळ्यात जास्त वाजवला गेलेला आवाज. रेडिओ केंद्राने तो जपला नव्हता. ब्रुकलिनमधल्या एका तरुणाने घरच्या टेपवर तो धरून ठेवला होता. हॉजेस हा किस्सा रंगवून सांगत, की जायंट्सची फजिती ऐकायला टेप लावून बसलेला तो प्रतिस्पर्धी डॉजर्सचा चाहता होता. प्रत्यक्षात तो जायंट्सचाच निघाला. स्वतः कामावर गेला होता आणि बटण दाबलं ते त्याच्या आईने.

जॅझमध्ये पुरावा आणखी विरळ. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेट (ट्रंपेटसारखं वाद्य) वाजवणारा बडी बोल्डन याला अनेक जण पहिला जॅझवादक मानतात. १९०७मध्ये तो मनोरुग्णालयात गेला आणि १९३१मध्ये तिथेच वारला. त्याचा वाजवतानाचा एकही आवाज उपलब्ध नाही. त्याच्या बँडचा एकच फोटो माहीत आहे, आणि तोसुद्धा वेगवेगळ्या ठिकाणी उलटसुलट छापला गेलाय. एका बाजूने पाहिलं तर गिटार आणि बास वाजवणारे डावखुरे दिसतात. उलटवला की ते सरळ होतात, आणि बाकीच्यांच्या हातांवरून वाद सुरू होतो. बोल्डन न्हावी होता, ‘क्रिकेट’ नावाचं कुचाळक्यांचं पत्रक काढायचा, हे वर्षानुवर्षं छापलं गेलं. १९७८मध्ये डोनाल्ड मार्क्विस यांनी शहरातली दप्तरं चाळून दोन्ही खोडून काढलं. आर्मस्ट्राँग तर स्वतःच आपला जन्म ४ जुलै १९००चा, म्हणजे राष्ट्रीय सणाचा, सांगत असे. चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली तेव्हा तारीख निघाली ४ ऑगस्ट १९०१.

‘जॅझ’ हा शब्दच पहिल्यांदा छापील सापडतो तो बेसबॉलच्या बातमीत. एप्रिल १९१२मध्ये लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात पिचर (चेंडू टाकणारा) बेन हेंडरसन आपल्या वेड्यावाकड्या चेंडूला ‘जॅझ बॉल’ म्हणतो. ही नोंद उजेडात आली २००३मध्ये, जॅझवरची मालिका दाखवून झाल्यावर.

त्या मालिकेवर जाणकारांचा जास्त राग तारखांच्या चुकांपेक्षा मापावर होता. नऊ भाग १९६०च्या आसपासपर्यंत, आणि नंतरची चाळीस वर्षं शेवटच्या एका भागात. प्रत्येक वाक्य खरं असूनही चित्र तिरकं होऊ शकतं. ट्रंपेटवादक विंटन मार्सालिस मुख्य सल्लागार असल्याने त्यांची आवड त्यात उतरली, असं टीकाकार म्हणाले. मला हा आक्षेप बराचसा रास्त वाटतो.

रिळं आणि फिती मात्र निघतच राहिल्या. २००५मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये थेलोनिअस मंक आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझवादकांच्या कार्नेगी हॉलमधल्या १९५७च्या मैफलीची फीत मिळाली. लेबल लावून कपाटातच होती. २०१४मध्ये कॅनडाच्या डॉसन सिटीतल्या जमिनीखालून १९७८मध्ये निघालेल्या रिळांत १९१९च्या वर्ल्ड सीरिजची दृश्यं ओळखली गेली. खेळाडूंनी पैसे खाऊन हरवलेली, बदनाम झालेली ती मालिका. बर्न्स यांनी तिच्यावर भाग केला तेव्हा ती दृश्यं सोळा वर्षांपूर्वीच जमिनीबाहेर आली होती, फक्त त्यांत काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

बोल्डनच्या बँडचा ट्राँबोनवादक विली कॉर्निश सांगायचा, की १८९८च्या आधी आम्ही मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रण केलं होतं. ते नळकांडं आजतागायत मिळालेलं नाही.