घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे
‘जितका घाम अधिक, तितकी चरबी अधिक वितळते’ हा समज जुना आहे. म्हणूनच पुण्यातील तळजाई टेकडीवर मे महिन्यातही जाड जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढून धावणारे नवशिके दिसतात. घाम हे मुख्यतः पाणी व थोडे मीठ असून तो शरीर थंड राखण्यासाठी येतो. वापरली गेलेली चरबी बहुतांशी कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते.

पडताळा घरीच घ्यावा. धावण्याआधी आणि नंतर, ओले कपडे उतरवून वजन करावे. अर्धा किलो घटलेले दिसले, तरी तेवढे पाणी प्यायल्यावर काटा जवळपास मूळ आकड्यावर येतो. ७० किलो वजनाची व्यक्ती ५ किलोमीटर धावली, तर सुमारे ३५० किलोकॅलरी, म्हणजे फार तर ४५ ग्रॅम चरबीइतकी ऊर्जा खर्च होते. जर्किनने त्यात फारशी भर पडत नाही, उष्माघाताचा धोका मात्र वाढतो. ते कृपया घरीच ठेवावे.