पिल्लाच्या यादीत फिनेल नको, ब्लीच हवं

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की घरात यादी सुरू होते. मऊ गादी, घुंगरांचा पट्टा, रबरी हाड, दोन भांडी आणि शू-शी पुसायला फिनेलचा मोठा कॅन. ही शेवटची वस्तू बहुतेक यादीत असतेच. फिनेलचा वास आला की लादी स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण पिल्लाचा सगळ्यात घातक शत्रू, पार्व्हो विषाणू, फिनेलला दाद देत नाही.

कुत्र्यांमध्ये हा विषाणू १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पसरला. मांजरांना होणाऱ्या एका जुन्या विषाणूच्या कुळातला तो. त्याच्या कवचातली मोजकी अमिनो आम्लं बदलली आणि कुत्र्याच्या पेशींवरच्या ट्रान्सफेरिन ग्राहीला, म्हणजे पेशीत शिरायच्या त्याच्या दाराला, चिकटणं त्याला जमू लागलं. आकार जेमतेम २५ नॅनोमीटर. स्वतःच्या डीएनएची नक्कल करण्याचं यंत्र त्याच्याकडे नाही, म्हणून आधीच भराभर विभागणाऱ्या पेशी त्याला लागतात. वाढत्या पिल्लाच्या आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा या अशाच जागा. अस्तर गळून पडतं, उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते, आणि त्याच वेळी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात.

२०२० मध्ये आपण सगळे सॅनिटायझर चोळत होतो, कारण करोनाच्या विषाणूभोवती मेदाचं आवरण असतं आणि अल्कोहोलने किंवा साबणाने ते फाटतं. पार्व्होला असं आवरणच नाही. आहे ते नुसतं प्रथिनांचं घट्ट कवच. त्यामुळे सॅनिटायझर असो वा फिनेल, दोन्हींवर विसंबता येत नाही. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेला विषाणू सावलीतल्या ओलसर मातीत अनेक महिने तग धरतो. रस्त्यावरून तो चपलेला लागून येतो. दाराशी गोणपाटाचं पायपुसणं असेल तर ते जवळ घेऊन बघा. धाग्याधाग्यांत वाळलेली माती बसलेली असते आणि नवं पिल्लू पहिल्यांदा तेच चघळायला घेतं. पिल्लू येण्याआधी ते फेकून द्या.

कवच मोडायला ऑक्सिडीकरण करणारं रसायन हवं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आपलं साधं ब्लीच. गावाकडे विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरचा गुणही याच जातीचा. सुमारे ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीचला ३० भाग पाणी घ्यावं. आधी साबणाने घाण काढावी, कारण घाण राहिली तर क्लोरीन तिच्यातच खर्च होतो. मग ब्लीचचं पाणी १० मिनिटं लादीवर राहू द्यावं आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून घ्यावं. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. लघवीच्या थारोळ्यावरही थेट ओतू नका. ब्लीच वापरताना पिल्लू दुसऱ्या खोलीत असावं.

पाहुणे येतात, पिल्लाचं कौतुक करतात आणि आठवड्याभरात ते आजारी पडतं. मग ‘नजर लागली’ म्हणून गळ्यात काळा दोरा बांधला जातो आणि दवाखान्यात जायला दोन दिवस उशीर होतो. पार्व्होमध्ये हेच दोन दिवस जीव घेतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. आठवड्याचा हा हिशेब पाहुण्यांच्या नजरेपेक्षा त्यांच्या चपलांशी जुळतो. ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून खपणाऱ्या पावडरी हा काळ्या दोऱ्याचाच महागडा अवतार आहे.

मग लस? इथे निसर्गाचा एक विलक्षण पेच आहे, आणि मला या सगळ्या विषयात तोच सर्वांत जास्त मोहवतो. कुत्रीच्या गर्भात वारेतून पिल्लाला फार थोडी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मिळतात. उरलेली सगळी येतात चिकातून, आणि तीही पहिल्या दिवसभरात. नंतर आतडं एवढे मोठे रेणू आत घेईनासं होतं. ही उसनी प्रतिपिंडं साधारण दर १० दिवसांनी निम्मी होत जातात. समजा, सुरुवातीला त्यांची पातळी ६४० आहे. विषाणूपासून वाचायला निदान ८० हवी. पण लसही एक जिवंत, दुबळा केलेला विषाणूच असतो. शरीरात तो थोडा वाढला तरच पिल्लू स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकतं आणि पातळी २० च्या वर असली तर आईची प्रतिपिंडं त्यालाही गारद करतात. आता मोजा. ६४० चे ८० व्हायला तीनदा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे ३० दिवस. २० व्हायला पाचदा, म्हणजे ५० दिवस. मधले २० दिवस आईचं संरक्षण अपुरं आणि लसही निकामी.

ही फट नेमकी केव्हा उघडते ते पिल्लागणिक बदलतं. जे भावंडांना ढकलून आधी सडाला लागलं त्याला चीक जास्त मिळाला, म्हणून त्याची फट उशिरा येते. अशक्त राहिलेल्याची लवकर. बाहेरून बघून हे कळत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा देतात. ‘एक इंजेक्शन झालंय’ या विक्रेत्याच्या शब्दावर म्हणूनच थांबू नये. आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. महिन्याचं पिल्लू कुणी हातात ठेवत असेल तर घेऊ नका.

हा पेच समजला की खरेदी आपोआप बदलते. स्पंजच्या गादीऐवजी गरम पाण्यात धुता येतील अशा जुन्या सुती चादरी. प्लॅस्टिकच्या भांड्यांवर ओरखडे पडून त्यांत घाण साचते, म्हणून स्टीलची. एक वेगळा डिजिटल थर्मामीटर. पिल्लाचं तापमान गुदद्वारातून घेतात आणि ते साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या ९८.६ च्या हिशेबाने घाबरू नका. पण पिल्लू मलूल आहे, खात नाही, उलटी होतेय असं दिसलं तर ताप असो वा नसो, डॉक्टर गाठा. आधी जिथे पिल्लू होतं तिथलंच खाणं पहिले काही दिवस द्या. गाई-म्हशीचं दूध नको. त्यात कुत्रीच्या दुधापेक्षा लॅक्टोज जास्त असतं, ते पचलं नाही की हगवण लागते आणि ती साधी की पार्व्होची, या शंकेने झोप उडते.

आणखी एक वस्तू कुठल्याच यादीत दिसत नाही. खांद्याला अडकवायची झोळी. पिल्लाचं जगाशी ओळख करून घेण्याचं वय तीन ते चौदा आठवड्यांच्या आसपासचं, म्हणजे लसीकरण पुरं व्हायच्या आधीच संपत येणारं. घरात कोंडून ठेवलं तर ते पुढे रिक्षाला, छत्रीला, फटाक्याला भिऊ लागतं. झोळीत घालून रोज फिरवून आणा, पाय मात्र जमिनीला लागू देऊ नका. रेबीजची लस वेगळी असते, ती १२ आठवडे झाल्यावर घ्यायची. त्या तारखेची खूण पिल्लू येण्याआधीच कालनिर्णयवर करून ठेवा.