जुन्या सिंथेसायझरसाठी पर्यायी कपॅसिटर निवडताना

१९७० साली आलेल्या मिनीमूगसारखा जुना ॲनालॉग सिंथेसायझर दुरुस्तीसाठी उघडला, तर बोर्डावरील रोध (रेझिस्टर) बहुधा ठणठणीत निघतात. थकलेले असतात ते मुख्यतः ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे, आत द्राव असलेले भाग. त्यांच्यातील विद्युतद्राव रबरी बुचातून वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो, धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, घटते, अंतर्गत रोध वाढतो आणि आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची घरघर ऐकू येऊ लागते.

पॉवर सप्लायमधील हे कपॅसिटर बदलणे तुलनेने सोपे आहे. व्होल्टेजची मर्यादा मूळच्याइतकी किंवा थोडी अधिक असावी, तापमानाची १०५ अंश सेल्सिअस असावी. जुन्या भागांत छापील धारितेपेक्षा २० टक्के कमी ते ८० टक्के जास्त एवढी सूट सर्रास असे, त्यामुळे ५० मायक्रोफॅरडऐवजी आज मिळणारा ४७ चा बसवला तरी बिघडत नाही. मात्र ‘मोठा तेवढा चांगला’ या समजुतीने दुप्पट-तिप्पट धारितेचा लावल्यास यंत्र सुरू होताना रेक्टिफायर डायोडवर, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या भागावर, अकारण ताण येतो.

ऑसिलेटरची, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या मंडलाची, गोष्ट वेगळी आहे. तेथे ठरावीक प्रवाहाने कपॅसिटर भरतो, विशिष्ट व्होल्टेजला पोहोचताच रिकामा होतो, आणि हे चक्र जितक्या वेगाने फिरते तितकी स्वराची उंची असते. धारिता एक टक्क्याने वाढली, तर स्वर सुमारे १७ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक षष्ठांशाने, उतरतो. हा फरक कायमचा असेल तर ट्रिमर, म्हणजे सूर जुळवण्याचा छोटा स्क्रू, फिरवून भागते. पण यंत्र तापत जाताना धारिताही सरकत राहिली, तर वाद्य सुरात राहणे अशक्यच. एक्स७आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरला उणे ५५ ते १२५ अंशांदरम्यान १५ टक्क्यांपर्यंत बदलाची मुभा असते, शिवाय लावलेल्या व्होल्टेजनेही त्याची धारिता घटते. म्हणून आकाराने कितीही सोयीचा असला तरी तो येथे नको. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकची फिल्म असलेल्या कपॅसिटरचा बदल अंशामागे दशलक्षात शे-सव्वाशे भागांच्या आसपास असतो, तर सीओजी या अधिक स्थिर जातीच्या सिरॅमिकचा त्याहूनही कमी. पॉलिस्टायरीनच मूळचा असेल आणि चांगला असेल, तर तो काढूच नये, असे माझे मत आहे.

ध्वनीच्या मार्गातील छोट्या इलेक्ट्रोलिटिकऐवजी, जागा पुरत असेल तर, साधा पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर चालतो; महागड्या ‘ऑडिओ ग्रेड’ मालाची तेथे गरज नसते.

पॉलिस्टायरीन नव्याने बसवायचाच झाला, तर त्याची फिल्म उष्णतेने लवकर मऊ पडते हे ध्यानात घेऊन, सोल्डर करताना सांधा आणि कपॅसिटर यांच्या मधली तार चिमट्याने धरावी, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. ट्रिमरला हात लावावा तो यंत्र पुरेसे तापल्यावरच.