लालभडक पोलादावर पाणी ओततात तेव्हा

आंबोळीचा तवा तापलाय का बघायला आपण पाण्याचा शिंतोडा मारतो ना, तवा बेताचा तापला असेल तर चुर्र होऊन पाणी लगेच उडतं, पण चुकून जास्तच तापला तर थेंब मोत्यांसारखे गोल होऊन तव्यावर पळत सुटतात आणि बराच वेळ संपतच नाहीत. तवा जास्त गरम आणि पाणी आटायला उशीर, उलटंच की! योहान लाइडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये लालबुंद लोखंडी चमच्यात थेंब टाकून हे लिहून ठेवलं. थेंब टेकतोय न टेकतोय तोच त्याच्या तळाची वाफ होते आणि थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो. गादी असते जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, पण उष्णता वाहून न्यायच्या कामात वाफ पाण्यापेक्षा पंचवीसेक पट ढ.

आता हेच स्टील प्लांटमध्ये बघा. हॉट स्ट्रिप मिलमधून, म्हणजे तापलेलं पोलाद लाटून पातळ करणाऱ्या यंत्रांच्या रांगेतून, पोलादाची पट्टी ८५०-९०० डिग्रीला बाहेर पडते, सेकंदाला दहा-दहा मीटरने धावत, आणि रनआउट टेबलवर (पट्टी पुढे नेणाऱ्या रुळांच्या लांब वाटेवर) वरून-खालून पाण्याच्या धारा तिला ६०० च्या आसपास आणतात, मग तिची कॉइल गुंडाळतात. हातात असतात दहाएक सेकंद, आणि पोलाद किती कडक, किती लवचिक होणार हे बरंचसं त्यातच ठरतं.

धार जिथे थेट आपटते तिथे पाण्याच्या जोराने वाफेची गादी फाटते, पाणी धातूला भिडतं, आणि लाल पट्टीवर तेवढाच काळा डाग दिसतो. डागाच्या बाहेर मात्र पाणी वाफेवरून घसरत निघून जातं, पट्टी तशीच लाल. म्हणजे एकाच पट्टीवर वीतभर अंतरात दोन वेगळ्या दुनिया. (लोहार पातं पाण्यात नुसतं बुडवून ठेवत नाही, हलवत राहतो, तेही ही गादी मोडायलाच.)

खरी गोम पुढे आहे. १९३४ मध्ये जपानच्या शिरो नुकियामांनी पाण्यात बुडवलेल्या तारेत वीज सोडून, तार किती तापली की किती उष्णता पाण्यात जाते ते मोजलं. तार पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा तीसेक डिग्री वर गेली की बुडबुड्यांचा कहर होतो आणि उष्णता सर्वात जोरात निघते, चौरस मीटरला साधारण दहा लाख वॅट, म्हणजे तळहाताएवढ्या जागेतून पाच गीझरांएवढी. तापमान त्याच्याही वर गेलं की वाफ तारेला लपेटते आणि उष्णता निघणं घटतं. त्यांची नायक्रोमची तार तर या नादात जळूनच गेली, प्लॅटिनमची टिकली.

पट्टी हा रस्ता उलटा चालते, वरून खाली. आधी वाफेची गादी, सगळं संथ, आणि मग एका टप्प्याला गादी मोडायला लागते, तिथून पट्टी जितकी थंड होईल तितकी उष्णता आणखी जोरात निघते! आपल्या चहाचं याच्या उलट असतं, निवत जाईल तसा निवण्याचा वेग मंदावतो. इथे एखादी कड बाकीच्यापेक्षा जराशी थंड झाली की तीच आणखी भराभर थंड होते, फरक वाढतच जातो आणि पट्टी लाटांसारखी वाकते. पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याचंही तसंच, तो उष्णता अडवतो म्हणून तिथे हळू थंड व्हायला हवं असं वाटतं ना, पण त्याचा वरचा पदर पटकन गार पडतो, गादी तिथे आधी मोडते आणि ती जागाच आधी थंड होते. मला तर हा सगळ्यात मजेशीर भाग वाटतो.

६०० ला थांबायचं असेल तर बहुतेक वेळा गादीच्या राज्यातच काम उरकतं. पण नव्या जास्त ताकदीच्या काही पोलादांना आणखी खाली, ३००-४०० ला आणावं लागतं, म्हणजे गादी मोडते त्या नेमक्या बेभरवशाच्या तापमानांमधून जावं लागतं. त्यावर जपानच्या फुकुयामा कारखान्यात जाड प्लेटांसाठी १९९८ पासून सुपर-ओलॅक नावाची पद्धत आहे, तिचा मार्ग सरळ आडदांड: पाण्याचा मारा पहिल्यापासूनच असा करायचा की गादी बसूच नये, सगळीकडे एकदम बुडबुड्यांचंच उकळणं. बांधकामाचे टीएमटी बारही असेच, लाल सळई जोरात वाहणाऱ्या पाण्याच्या पाइपातून सेकंदभरात जाते, बाहेरचा थर कडक होतो, आणि मग आतल्या गाभ्याची उरलेली उष्णता बाहेर येऊन त्या थराचा ठिसूळपणा काढते.